पिवळ्या रेघेचा माग

१८ ऑगस्ट १८६८. श्रावणातली अमावास्या. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानावर ढगांची ये-जा चालू होती आणि एक तिशीतला इंग्रज लष्करी अधिकारी दुर्बीण रोखून बसला होता. त्याचे नाव लेफ्टनंट जॉन हर्शेल. आजोबा विल्यम हर्शेल यांनी युरेनस ग्रह शोधलेला, वडिलांनी दक्षिण गोलार्धातले आकाश पिंजून काढलेले आणि हा नातू हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याच्यावर एक कामगिरी सोपवली होती. खग्रास ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांत सूर्यबिंबाच्या कडेवर ज्या लालसर ज्वाला दिसतात, त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहायचा आणि त्या कशाच्या बनल्या आहेत ते सांगायचे.

खग्रास स्थितीतला बराचसा वेळ ढगांनीच खाल्ला. जेवढी उघडीप मिळाली तेवढ्यात हर्शेलला काळ्या पार्श्वभूमीवर तीन ठसठशीत रेघा दिसल्या. एक लाल, एक नारिंगी, एक निळी. नारिंगी रेघेची जागा त्याने शक्य तितकी काळजीपूर्वक मोजली. ती सोडियमच्या ओळखीच्या रेघेवर पडते असे त्याला वाटले आणि तशीच त्याने नोंद केली.

ती सोडियमची रेघ नव्हती. ती पृथ्वीवर तोवर कुणालाच माहीत नसलेल्या मूलद्रव्याची खूण होती. जमखंडीत ती दिसली, मोजली गेली आणि चुकीच्या नावाखाली वहीत गेली. हर्शेल यात एकटा नव्हता. त्या सकाळी सावलीच्या पट्ट्यात जागोजाग बसलेल्या जाणत्या निरीक्षकांचे थोड्याफार फरकाने असेच झाले. हेलियमच्या शोधाची गोष्ट या चुकलेल्या नोंदीपासून सुरू होते आणि पुरी व्हायला २७ वर्षे घेते.

रेघांची भाषा

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत याने १८३५ मध्ये लिहून ठेवले होते की ताऱ्यांची अंतरे, आकार, गती आपण मोजू शकू, पण ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. विधान तर्काला धरून होते. ज्या वस्तूचा कण हाती येऊ शकत नाही तिची रासायनिक तपासणी करणार कशी?

उत्तर मात्र आधीच नजरेसमोर आले होते. बव्हेरियातला काच-कारागीर योसेफ फ्राउनहोफर याने १८१४ च्या सुमारास सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यात शेकडो बारीक काळ्या रेघा पाहिल्या आणि त्यांतल्या ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. त्या रेघांचा अर्थ लागला १८५९ मध्ये. हायडेलबर्गला किरखॉफ आणि बुन्सेन या दोघांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले की ठरावीक जागीच रेघा उमटवते आणि एकाच्या रेघा दुसऱ्याशी जुळत नाहीत. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की जो पिवळा भडका दिसतो तो सोडियमचा आणि फ्राउनहोफरची डी ही रेघ म्हणजे तेच सोडियम. ती नीट पाहिली तर जवळजवळच्या दोन रेघांची जोडी असते. लाल भागातली सी आणि निळसर भागातली एफ या रेघा हायड्रोजनच्या. काँतचा मृत्यू १८५७ चा. त्याचे विधान त्याच्यामागे दोनच वर्षे टिकले.

ग्रहणात दिसणाऱ्या लाल ज्वाला सूर्याच्या की चंद्राच्या, हा वाद १८६० च्या ग्रहणात स्पेनमध्ये काढलेल्या छायाचित्रांनी मिटला होता. ज्वाला सूर्याच्याच होत्या. पण त्या कशाच्या होत्या? १८६८ चे ग्रहण हे वर्णपटशास्त्राच्या हाती लागलेले पहिले मोठे खग्रास ग्रहण. सावली एडनवरून अरबी समुद्र ओलांडून कोकणात शिरणार, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण करत बंगालच्या उपसागरात उतरणार आणि पुढे सयाम, बोर्निओकडे जाणार. काही ठिकाणी अंधार साडेसहा मिनिटांहून अधिक टिकणार होता.

त्यामुळे भर पावसाळ्यात दक्षिण हिंदुस्थानात ज्योतिषांची गर्दी झाली. जमखंडीला हर्शेल, विजापूरला कॅप्टन हेग. गुंटूरला मेजर टेनंट आणि त्याच गावात फ्रान्सहून आलेला पिएर यान्सेन. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉग्सन. निजामाच्या मुलखात वनपर्तीला त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी. सयामचा राजा मोंगकुट स्वतः गणिती होता. त्याने ग्रहणाची वेळ स्वतः मांडली, किनाऱ्यावर छावणी उभारून परदेशी पाहुण्यांना बोलावले आणि गणित बरोबर ठरल्याचा आनंदही भोगला. पण तिथल्या दलदलीत त्याला हिवताप झाला आणि १ ऑक्टोबरला तो वारला.

ज्वालांचा प्रश्न त्या सकाळी सुटला. चमकत्या रेघा दिसल्या याचा अर्थ ज्वाला तप्त वायूच्या होत्या आणि लाल-निळ्या रेघांवरून तो वायू मुख्यतः हायड्रोजन होता. पिवळी रेघही अनेकांना दिसली. टेनंटने तिच्यापुढे डी लिहिले. पॉग्सनने ती डीवर किंवा डीच्या जवळ असल्याचे नोंदवले. मलाया द्वीपकल्पात बसलेल्या जॉर्ज राये या फ्रेंच ज्योतिषाने नऊ रेघा मोजल्या आणि तिला डीच मानले. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नव्हते. हातात दोन-चार मिनिटे, यंत्रे लहान, मन उतावीळ. आणि सोडियम हा असा पदार्थ की ज्योतीत नुसती धूळ उडाली तरी त्याची पिवळी झाक दिसते. अनोळखी रेघ ओळखीच्या रेघेला इतकी चिकटून असेल तर माणूस ओळखीचेच नाव लिहितो.

गुंटूर आणि लंडन

यान्सेनची कीर्ती मात्र वेगळ्याच गोष्टीने झाली. लहानपणच्या अपघाताने एका पायाने अधू असलेला हा माणूस उभा जन्म जगभर हिंडत राहिला. गुंटूरला एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी त्याने यंत्रे मांडली होती. ज्वालांच्या रेघा त्याला इतक्या झगझगीत दिसल्या की त्याच क्षणी त्याच्या मनात आले, या पाहायला ग्रहणाची गरजच काय? दुपारी आभाळ भरून आले म्हणून त्याला थांबावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य पूर्ण तेजाने तळपत असताना, त्याने बिंबाच्या कडेवर वर्णपटदर्शकाची फट रोखली आणि ज्वालांच्या रेघा खरोखरच दिसल्या. सुमारे अडीच आठवडे तो रोज सूर्याच्या कडेचे नकाशे काढत राहिला. त्याच्यापुरते ग्रहण संपलेच नव्हते.

हे कसे जमले? एरवी ज्वाला दिसत नाहीत त्या आभाळाच्या उजेडामुळे. हवेत विखुरलेल्या सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. ज्वालेच्या प्रकाशात मोजक्याच रंगांच्या रेघा असतात. प्रकाश लोलकांमधून खूप ताणला की आभाळाचा उजेड सगळ्या पट्ट्यावर पसरून फिका पडतो. ज्वालेचा उजेड आपापल्या रेघेतच एकवटलेला राहतो. मूठभर गुलाल अंगणभर उधळला तर जेमतेम दिसतो, तोच रांगोळीच्या एका रेघेत ओतला तर लांबूनही डोळ्यांत भरतो, तसे.

हाच विचार लंडनमध्ये आणखी एका माणसाला दोन वर्षे आधी सुचला होता. नॉर्मन लॉकयर हा युद्धखात्यातला कारकून, आकाशाचे वेड सांभाळून नोकरी करणारा. ग्रहणाच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, त्याने 'नेचर' हे नियतकालिक सुरू केले, ते आजही निघते. १८६६ मध्येच त्याने ग्रहणाविना ज्वाला पाहण्याची कल्पना मांडली होती. रॉयल सोसायटीने यंत्रासाठी पैसेही मंजूर केले, पण कारागिरांकडे काम रेंगाळले. ग्रहण लागले आणि सुटले तेव्हा लॉकयरचे यंत्र तयार नव्हते आणि लॉकयर हिंदुस्थानात नव्हता. यंत्र हाती आले ऑक्टोबरच्या मध्याला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागात आपल्या घरच्या दुर्बिणीतून त्याने ज्वालांच्या रेघा पाहिल्या. गुंटूरला दोन महिन्यांपूर्वी काय झाले ते त्याला ठाऊक नव्हते.

यान्सेनने आपले पत्र काकिनाड्याहून सप्टेंबरमध्ये धाडले होते. ते जहाजाने पॅरिसला पोचेपर्यंत लॉकयरचेही पत्र तिथे येऊन थडकले. २६ ऑक्टोबरला फ्रेंच विज्ञान अकादमीच्या एकाच सभेत दोन्ही पत्रे वाचली गेली. अकादमीने अग्रमानाचे भांडण होऊच दिले नाही. १८७२ मध्ये फ्रान्सने एक पदक पाडले, त्यावर यान्सेन आणि लॉकयर या दोघांचे चेहरे शेजारी-शेजारी आहेत. हे पदक ग्रहणाविना ज्वाला पाहण्याच्या युक्तीसाठी आहे, हेलियमसाठी नव्हे. पुढे लोकांनी दोन्ही गोष्टींची सरमिसळ केली आणि हेलियम यान्सेनने गुंटूरला शोधला असे पाठ्यपुस्तकांतही आले. यान्सेनने नव्या मूलद्रव्याचा दावा कधी केला नव्हता.

दावा केला लॉकयरने आणि तोही घाईने नव्हे. ग्रहणाची सक्ती नसल्याने त्याच्याकडे वेळ होता, ताणून पाहायला चांगले यंत्र होते. रोज उघडीप मिळेल तेव्हा तो ती पिवळी रेघ पाहू शकत होता. ती डीच्या जोडीवर पडत नाही, हिरव्या बाजूला किंचित सरकलेली आहे, हे त्याच्या ध्यानात आले. आजच्या मापाने सोडियमच्या रेघा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर आहेत आणि ही ५८७.६ वर. तिला डी-३ हे नाव पडले. मग ती कुणाची? एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर लॉकयरने प्रयोगशाळेत हायड्रोजनला निरनिराळ्या दाबांखाली, निरनिराळ्या तापमानांत चमकवून पाहिले. डी-३ काही उमटेना. फ्रँकलंडची खात्री पटत नव्हती, लॉकयरची पटली होती. सूर्यावर असे काहीतरी आहे जे इथे नाही. ग्रीक सूर्यदेवतेवरून त्याला हेलियम म्हणू लागले. हे नाव पहिल्यांदा जाहीर सभेत आले ते १८७१ मध्ये, एडिंबराच्या ब्रिटिश असोसिएशनपुढे विल्यम थॉमसन यांनी केलेल्या अध्यक्षीय भाषणात. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले.

वाट पाहण्याची वर्षे

रसायनशास्त्रज्ञांनी या मूलद्रव्याला दारातच उभे ठेवले. ज्याचा कण नाही, वजन नाही, ज्याची कशाशी क्रिया होते ते ठाऊक नाही, असे द्रव्य केवळ एका रेघेच्या जामिनावर कोण मान्य करणार?

यान्सेन आणि लॉकयर सावलीमागे धावत राहिले. २२ डिसेंबर १८७० च्या ग्रहणाच्या वेळी पॅरिसला प्रशियाच्या फौजेचा वेढा होता. यान्सेन २ डिसेंबरला यंत्रांसह बलूनमध्ये बसून वेढ्यावरून उडाला, अल्जीरियात ओरानला पोचला आणि तिथे ढगांनी सूर्य झाकला. त्याच ग्रहणासाठी निघालेल्या लॉकयरचे जहाज सिसिलीच्या किनाऱ्याशी खडकावर आदळले. जीव वाचला, यंत्रे वाचली, पण ढगांतून अंधारी जेमतेम दीड सेकंद दिसली. पुढच्या वर्षी, १२ डिसेंबर १८७१ ला, दोघेही दक्षिण हिंदुस्थानात होते. यान्सेन निलगिरीत शोलूरला आणि लॉकयर मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यात. लॉकयर हिंदुस्थानात ग्रहण पाहायला आला तो हा पहिल्यांदा.

हेलियमची सुटका झाली ती एका दगडातून. अमेरिकेत विल्यम हिलब्रँडने युरेनियमचे खनिज आम्लात घालून त्यातून निघणारा निष्क्रिय वायू गोळा केला होता आणि त्याला नायट्रोजन मानले होते. पुन्हा तेच, ओळखीचे नाव. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झी यांनी लॉर्ड रॅलेबरोबर नुकताच आरगॉन शोधला होता आणि तो आणखी कुठे मिळतो याच्या ते मागावर होते. हिलब्रँडच्या वायूची बातमी कळताच त्यांनी क्लिव्हाइट नावाचे युरेनियमचे खनिज मिळवून मार्च १८९५ मध्ये तोच प्रयोग केला. वर्णपटात आरगॉनच्या रेघा अपेक्षित होत्या. दिसली एक लखलखीत पिवळी रेघ, आणि ती सोडियमवर बसत नव्हती. रॅम्झींनी नमुना विल्यम क्रूक्स यांच्याकडे पाठवला. क्रूक्सनी मोजून तारेने कळवले की हीच डी-३. लॉकयरलाही एक नळी मिळाली. ज्या द्रव्याची रेघ त्याने २७ वर्षांपूर्वी सूर्याच्या कडेवर पाहिली होती ते आता त्याच्या टेबलावरच्या नळीत चमकत होते. त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्साला इथे क्लेव्ह आणि लांगलेट यांनीही स्वतंत्रपणे हा वायू मिळवला आणि त्याचा अणुभारही काढला.

युरेनियमच्या खनिजात सूर्यावरचा वायू कसा आला, हे विचारायलाही तेव्हा आधार नव्हता. किरणोत्सर्ग सापडला त्याच्या पुढच्या वर्षी. युरेनियम, थोरियममधून निघणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच अणुकेंद्रे, हे रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०८ च्या सुमारास सिद्ध केले. रॅम्झींच्या हाती प्रश्नाआधीच उत्तर आले होते. हेच रॅम्झी १९०० मध्ये जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा पाहायला हिंदुस्थानात आले आणि त्यांनी बेंगळुरूची शिफारस केली. १९०४ मध्ये निष्क्रिय वायूंच्या शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विजयदुर्गावरचा साहेब

आता विजयदुर्ग. देवगड तालुक्यातल्या या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून काही चौथरे दाखवतात. लॉकयरने १८ ऑगस्ट १८६८ रोजी या ओट्यांवर दुर्बीण ठेवून ग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. वर्तमानपत्रे दरवर्षी ही हकिगत छापतात.

हकिगतीतला लॉकयर खरा, किल्ला खरा, ग्रहण खरे. साल तेवढे तीस वर्षे चुकले आहे. १८६८ ची सावली विजयदुर्गावरून गेली होती हे खरे, पण त्या दिवशी लॉकयर इंग्लंडात होता. आणि ऑगस्टच्या कोकणात सूर्य पाहायला किल्ल्यावर बसण्याइतका भाबडा ज्योतिषी मिळणे कठीण. म्हणूनच तर हर्शेल आणि हेग यांनी घाटापलीकडचे जमखंडी, विजापूर निवडले होते आणि ढगांनी त्यांना तिथेही सोडले नाही.

लॉकयर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. पौषातली अमावास्या, कोकणातले निरभ्र आभाळ. आता तो साठी ओलांडलेला, सर नॉर्मन झालेला आणि हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे झालेली. त्याच्या दिमतीला 'मेल्पोमीनी' ही आरमारी युद्धनौका होती. तिच्या खलाशांना कवायत देऊन निरीक्षक बनवले होते. कुणी सेकंद मोजायचे, कुणी काचपट्ट्या बदलायच्या, कुणी सूर्याच्या किरीटाचे, म्हणजे भोवतालच्या विरळ प्रभेचे, चित्र काढायचे. सोबत लॉकयरचा मुलगा आणि लॉकयरचाच सहायक आल्फ्रेड फाउलर होता. अंधार दोन मिनिटांहून थोडाच अधिक टिकणार होता. लॉकयरला हवे होते ते खग्रास लागताना आणि सुटताना क्षणभर उजळणारे सूर्याच्या कडेच्या पातळ थराचे वर्णपट. या क्षणी नेहमीच्या काळ्या रेघा उलटून चमकत्या होतात. प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी ते टिपले. त्यात हेलियमची रेघ होती, पण आता ती जुनी ओळखीची होती. ओट्यांशी लॉकयरचे नाव जोडायचे तर हे साल जोडावे लागते.

आणि हे साल जोडले की महाराष्ट्राच्या वाट्याला एका किल्ल्याहून पुष्कळ जास्त येते. १८९८ ची सावली कोकणातून शिरून सोलापूरचा वरचा भाग, वऱ्हाड आणि नागपूर प्रांत ओलांडून गेली. रेल्वेची स्टेशने तिच्या वाटेवर होती, म्हणून यंत्रांच्या पेट्या थेट मुक्कामी उतरवता आल्या. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्बेल पत्नीसह चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आला. अमरावती जिल्ह्यातल्या तळणीला ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली. त्यांत अॅनी माँडर होती. ग्रिनिचच्या वेधशाळेत गणित करणारी ही बाई, लग्न केले म्हणून सरकारी नोकरी सोडावी लागलेली. दीड इंचाच्या भिंगाच्या लहानशा कॅमेऱ्याने तिने सूर्याच्या किरीटातला एक झोत टिपला. त्या काळापर्यंत इतका लांबवर पसरलेला झोत कुणाच्या काचेवर आला नव्हता. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स होते, नागपूरजवळ घोगलीला स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड. हे सगळे घडले प्लेगच्या वर्षांत. पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध होऊन सात महिने झाले होते, मुंबई इलाख्यात प्रवाशांच्या तपासण्या चालू होत्या. ग्रहणाच्या दिवशी मात्र आभाळाने सर्वत्र साथ दिली.

जेऊरला आणखी एक छावणी होती, ती पुण्याची. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीत मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. वीस इंची परावर्तक दुर्बीण डब्लिनच्या ग्रबकडून आली. वर्णपटशास्त्र हा नायगमवालांचा ध्यास. मृगातल्या तेजोमेघाची एक हिरवी रेघ लॉकयरच्या मते मॅग्नेशियमची, कडेला पसरट होणारी होती, कारण तेजोमेघ उल्कांचे बनलेले आहेत या त्याच्या सिद्धांताला तसे सोयीचे होते. नायगमवालांनी १८९१ मध्ये दाखवले की ती रेघ कशीही पाहा, रेखीवच दिसते. लंडनच्या बड्या साहेबाचे म्हणणे पुण्याच्या प्राध्यापकाने मोजमापाने खोडले. जेऊरच्या ग्रहणावरचा त्यांचा अहवाल १९०२ मध्ये छापला गेला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा मिटली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

खऱ्याखोट्या रेघा

हेलियमच्या विजयामुळे एक मोह पैदा झाला. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या किरीटात एक अनोळखी हिरवी रेघ दिसली होती. तिला कोरोनियम नावाचे मूलद्रव्य बहाल झाले. मृगातल्या तेजोमेघाच्या हिरव्या रेघेला नेब्युलियम. हेलियम खरा निघाला तर हे का नाहीत?

१८९८ च्या ग्रहणाने पहिला धक्का दिला. किरीटाची हिरवी रेघ तीस वर्षे ज्या जागी मानली जात होती तिथे ती नव्हतीच. महाराष्ट्रात घेतलेल्या वर्णपटांवरून तिची जागा ५३०३ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आसपास ठरली, आधी मानत होते ५३१७. पण ती कुणाची हे कळायला आणखी चार दशके गेली. १९२० मध्ये मेघनाद साहांनी तप्त वायूतल्या अणूंची इलेक्ट्रॉन गमावण्याची गणिते मांडली. पुढे लंडनला ते काम करत होते ती प्रयोगशाळा फाउलरची, विजयदुर्गावर लॉकयरसोबत असलेल्या त्याच फाउलरची. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवले की नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी उलगडा केला की कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले साधे लोखंड. लोखंडाची इतकी सालटी निघायची तर किरीटाचे तापमान दहा लाख अंशांवर हवे. म्हणजे नवे मूलद्रव्य गेले, पण त्याहून मोठे कोडे हाती आले. सूर्याच्या पृष्ठभागाहून त्याच्या भोवतीची विरळ प्रभा शेकडो पट तप्त कशी, यावर आजही काम चालू आहे.

एकाच युक्तिवादाने तीन मूलद्रव्ये मांडली गेली. एक ठरले, दोन विरली. अनोळखी रेघ दिसली म्हणजे नवे द्रव्य, असे नाही आणि जुने द्रव्य, असेही नाही. तपासल्याखेरीज दोन्ही म्हणणी सारखीच कच्ची.

हेलियमचे पुढचे चरित्र सगळ्यांना थोडेफार माहीत आहे. १० जुलै १९०८ रोजी लायडनला कामर्लिंग ओनेसने तो द्रवरूप केला, उणे २६९ अंशांवर. त्या थंडीतच १९११ मध्ये अतिवाहकता सापडली आणि आज इस्पितळातल्या एमआरआय यंत्राचे चुंबक द्रव हेलियममध्ये बुडवून थंड ठेवतात. हायड्रोजनच्या खालोखाल विश्वात सर्वांत विपुल असलेले हे मूलद्रव्य हवेत मात्र दहा लाखांत पाचच भाग आहे. म्हणून तर आधी ते सूर्यावर सापडले.

तेव्हा हेलियम कुणी शोधला? जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण इथे तो पाहिला गेला, पण ओळखला गेला नाही. लंडनमध्ये लॉकयरने तो ओळखला, पण त्याच्या हाती काही नव्हते. रॅम्झींच्या हाती तो आला तेव्हा ते दुसरेच काही शोधत होते. श्रेय एका माणसाला, एका दिवसाला आणि एका ओट्याला देण्याचा आपला हट्ट या गोष्टीला मानवत नाही. विजयदुर्गाला उसन्या मोठेपणाची गरजही नाही. ओट्यांजवळच्या माहितीत १८६८ च्या जागी १८९८ लिहावे आणि तिथे सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला गेला एवढेच खरे सांगावे. जेऊर, तळणी आणि पुलगावच्या शाळांनी २२ जानेवारीला आपल्या गावातून कोण काय पाहून गेले ते मुलांना सांगावे. आणि पुण्यात जिथे नायगमवालांची दुर्बीण उभी होती तिथे त्यांच्या नावाची पाटी असावी. ओळखीचे नाव लिहून मोकळे होण्याची घाई १८६८ मध्ये हेलियमला २७ वर्षे महाग पडली. आपल्या इतिहासाच्या बाबतीत तरी आपण ती करू नये.